खलनायक नाही, मग भांडण लावतं कोण?

प्रश्न : मराठीच्या प्रकल्पासाठी एका जुन्या, गाजलेल्या विनोदी नाटकातला विषय, संघर्ष आणि भाषा यांवर लिहायचं आहे. मी ‘संगीत संशयकल्लोळ’ घेतलं. पण त्यात कोणी दुष्ट नाही, कोणाचं जुनं वैर नाही. मग संघर्ष म्हणून दाखवायचं काय? भाषेतही कोट्या फारशा सापडत नाहीत. दुसरं नाटक घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, भाईंदर (पश्चिम)

उत्तर : नाटक मुळीच बदलू नका. तुम्हाला जी अडचण वाटते आहे, तोच तुमच्या प्रकल्पाचा विषय आहे.

या नाटकात भांडण लावते ती एक तसबीर. अश्विनशेठने स्वतःची ही तसबीर आपल्या प्रेयसीला, रेवतीला दिलेली असते. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्या गडबडीत तसबीर तिच्या हातून निसटते. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका पाहते ते एवढंच, की आपला नवरा एका परक्या बाईला धरून उभा आहे. पुढे तीच तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती निरखून बघत असतानाच मागून फाल्गुनराव येतो, आणि आता संशय घेण्याची पाळी त्याची. मग तसबीर फाल्गुनरावाजवळ गेल्यावर अश्विनशेठला वाटतं, आपण प्रेमाने दिलेली वस्तू रेवतीने भलत्याच माणसाला देऊन टाकली.

इथे खोटं कोणी बोलत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं आहे आणि प्रत्येकाकडे पुरावा आहे. फक्त तो अर्धवट आहे. एकाने जरी सरळ विचारलं असतं, ‘हे तुझ्याकडे आलं कसं?’ तर पहिल्याच अंकात पडदा पडला असता. पण संशयी माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो. संघर्ष आहे तो माणसाच्या डोळ्यांचा आणि घडलेल्या गोष्टीचा. हे वाक्य तुमच्या शब्दांत फिरवून घ्या आणि त्यावर पहिलं प्रकरण उभं करा. वहीत एक तक्ता आखा: प्रवेश कोणता, तसबीर कोणाकडे, कोणाला काय ठाऊक, कोणाला काय वाटतं. शेवटच्या दोन रकान्यांत जितकं अंतर, तितकं प्रेक्षागृहात हसू. कारण प्रेक्षकाला मात्र सगळं ठाऊक असतं.

आता विषयाबद्दल. हे कथानक मूळचं नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं नाही. मोलिएरने १६६० मध्ये फ्रेंचमध्ये हा तसबिरीचा घोळ रंगमंचावर आणला. आर्थर मर्फी या नाटककाराने १७६१ मध्ये तो इंग्रजीत वाढवला. त्यावरून देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं, आणि पुढे त्यालाच पदं घालून ‘संशयकल्लोळ’ केलं. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगमंचावर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी गेले.

बरेच विद्यार्थी ‘रूपांतरित नाटक’ एवढं लिहून पुढे सरकतात. तुम्ही तिथेच थांबा. मूळ नाटकांतली नायिका प्रतिष्ठित घरातली लेक आहे. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली. या एका बदलाने नाटकाचं वजन बदलतं. अश्विनशेठचं तिच्यावर खरं प्रेम आहे, लग्नाची तयारी आहे. तरी तसबीर दुसऱ्याकडे दिसताच त्याचं मन लगेच वाईटाकडे धावतं. ‘अशा घरातल्या बाईकडून दुसरं काय होणार’ हा समाजाचा निकाल त्याच्या मनात आधीच तयार असतो. ‘शारदा’ लिहून जरठ-बाला विवाहावर कोरडे ओढणारा हाच नाटककार आहे, हे विसरू नका. मला तर अश्विनशेठच्या संशयावरचा रेवतीचा राग हा या नाटकातला सर्वांत गंभीर क्षण वाटतो, आणि प्रकल्पात त्याला दोन पानं द्यायला हवीत.

राहिली भाषा. कोट्या शोधायच्या तर गडकऱ्यांकडे जा. देवलांचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. घरात बोलतात तशी त्यांची वाक्यं, छोटी आणि सरळ. गंमत अशी की फाल्गुनराव आणि अश्विनशेठ समोरासमोर बोलतात तेव्हा एकाच शब्दाचा अर्थ दोघे आपापल्या संशयाप्रमाणे लावतात. शब्द अवघड असते तर हा खेळ जमलाच नसता. शिवाय फाल्गुनरावाची स्वगतं मोठ्याने वाचून पाहा. तो स्वतःच फिर्यादी होतो, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश.

तुलनेला पु. ल. देशपांड्यांचं ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) घ्या. तिथे वस्तूचा घोळ नाही; दोन जीवनदृष्टी एका घरात राहतात. काकाजींचं इंदुरी रंगाचं, ऐसपैस मराठी आणि आचार्यांचं सोवळं, उपदेशाचं मराठी. तिथे भाषा हाच संघर्ष आहे.

हा फरक पुस्तकं न चाळता पडताळायचा असेल तर तुमच्या गावासारखी जागा नाही. वर्गात राई-मुर्ध्याची आगरी बोलणारी मुलं असतील, उत्तनची असतील, घरी मारवाडी किंवा गुजराती बोलणारीही असतील. दोन्ही नाटकांतला एकेक प्रवेश त्यांना आपापल्या बोलीत म्हणायला सांगा. तसबिरीचा प्रवेश कुठल्याही बोलीत हसवेल, कारण त्यातलं हसू प्रसंगात आहे. काकाजी-आचार्यांचा प्रवेश दोघांच्या तोंडी एकच बोली घातली की बराचसा विझेल. कोण कुठे हसलं याची टिपणं ठेवा आणि तीच परिशिष्टात जोडा. आणि ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग महाजनवाडीच्या लता मंगेशकर नाट्यगृहात, नाहीतर बोरिवलीला किंवा ठाण्याला लागला, तर तो चुकवू नका. तसबीर हातातून निसटते त्या क्षणी रंगमंचाकडे न बघता शेजारच्यांच्या चेहऱ्यांकडे बघा.