इटलीच्या द्राक्षपट्ट्यात जाताना : निरीक्षणे आणावीत, काड्या आणू नयेत

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात सांजोवेझे ही इटालियन वाइन-द्राक्षाची जात रुजली आहे. टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांचे मार्गदर्शन तेथील वाइननिर्मितीला लाभले. आता उलट दिशेने, म्हणजे शिक्षण, हंगामी काम किंवा वास्तव्यासाठी इटलीच्या ग्रामीण द्राक्षपट्ट्यात जाण्याचा विचार करणाऱ्या बागायतदाराने तेथील कीडस्थिती आधी समजून घेणे हिताचे ठरते.

हंगामातील फरक : महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. इटलीत हिवाळ्यात वेल पूर्ण विश्रांती घेते. छाटणी एकदाच होते आणि काढणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरपर्यंत चालते. त्यामुळे तेथील बहुतेक किडींची वर्षाला एक किंवा मोजक्याच पिढ्या होतात.

प्रमुख धोका : ‘फ्लॅव्हेसन्स डोरे’ हा फायटोप्लाझ्माजन्य रोग तेथे सर्वाधिक चिंतेचा आहे. स्कॅफॉइडियस टायटॅनस हा मूळचा उत्तर अमेरिकेतील तुडतुडा त्याचा प्रसार करतो. मादी खोडाच्या व जुन्या काडीच्या सालीखाली अंडी घालते, हिवाळा अंडी अवस्थेत जातो आणि मेपासून पिले बाहेर पडतात. रोगट वेलीची पाने खाली वळतात, पिवळी किंवा लाल पडतात, घड सुकतात आणि काडी परिपक्व होत नाही. रोगावर औषध नाही. वेल उपटून नष्ट करावी लागते. इटलीत 2000 च्या शासकीय आदेशाने या रोगाचे नियंत्रण बंधनकारक करण्यात आले. मधमाश्यांच्या रक्षणासाठी फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी टाळली जाते.

काडी का आणू नये : लक्षणे बहुधा लागणीनंतरच्या हंगामात दिसतात आणि काही खुंटांवर दिसतही नाहीत. म्हणून निरोगी भासणारी काडीही रोग किंवा अंडी वाहून आणू शकते. याच मार्गाचा इतिहास बोलका आहे. अमेरिकी रोपांबरोबर युरोपात शिरलेली फायलोक्झेरा ही मुळांवरील कीड 1879 मध्ये इटलीत आढळली; पुढे बागा अमेरिकी खुंटांवर कलम करून नव्याने लावाव्या लागल्या. 2014 मध्ये उत्तर इटलीत जपानी भुंगेराही पोहोचला.

भारतात वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार लागवड साहित्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक आहे. द्राक्षाची रोपे व काड्या आल्यानंतरही ठरावीक काळ देखरेखीखाली वाढवाव्या लागतात. सामानातून गुपचूप आणलेली चार डोळ्यांची काडी ही सारी तटबंदी ओलांडते.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावे :
- परदेशातून काडी, रोप, माती आणू नये.
- बागेत वापरलेले बूट व कात्र्या स्वच्छ केल्याशिवाय परत आणू नयेत.
- नवी जात हवी असल्यास अधिकृत संस्थेमार्फतच मागवावी.
- बागेत अनोळखी लक्षणे दिसल्यास काडी दुसऱ्या बागेत न देता कृषी विज्ञान केंद्रास कळवावे.

सापळ्यांच्या नोंदी, सामूहिक फवारणीचे वेळापत्रक आणि रोगट वेल तत्काळ काढण्याची शिस्त मात्र तेथून अवश्य आणावी.