उतार किती अंशांचा?

प्रश्न : गुलमर्गला गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून, आखलेल्या वाटेबाहेर स्कीइंग करायचं आहे. उतार धोक्याचा आहे का, हे मोजायला फोन पुरेल? – एक वाचक, भोपाळ

उत्तर : फोन चालेल, पण थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून उतार मोजणारा साधा क्लिनोमीटर जवळ ठेवाच. स्कीची काठी उताराच्या दिशेने बर्फावर टाका आणि यंत्र तिच्यावर टेकवा, म्हणजे बारीक खाचखळगे मोजमाप बिघडवत नाहीत. पाटीसारखं घसरणारं हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांवर होतं. सराव तुमच्या मनुआभान टेकरीवरही होईल : आधी अंदाज बोला, मग मोजा.

मात्र मोजण्यासाठी धोक्याच्या उतारावरच जाऊन उभं राहणं हा उफराटा कारभार! आधी घरी नकाशा उघडा. 1:50,000च्या नकाशात समोच्च रेषा 40 मीटर उंचीच्या फरकाने असतील, तर दोन रेषांतलं अंतर 1.4 मिलिमीटरहून कमी भरलं की उतार 30 अंशांपुढे गेला. मधला छोटा कडा नकाशात दिसत नाही, तो जागेवरच कळतो. पायाखाली 20 अंश असले तरी डोक्यावरचा उतार बघा. लोट खालच्या सपाटीपर्यंत येतो. गोंडोलाचा वरचा टप्पा जिथे पोचतो, त्याच अफरवट डोंगरावर फेब्रुवारी 2023मध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा असेल त्या दिवशी आखलेल्या वाटेवरच राहा.