पेटीची आतली बाजू

शास्त्रभाग : निर्गम 25:10-22, 37:1-9
पाठांतर : मत्तय 23:26
उद्देश : जे माणसांना दिसत नाही तेही देवापुढे उघडे आहे, हे मुलांनी हातच्या कामातून शिकावे.

एका नाताळात आमच्या शब्बाथ शाळेच्या मुलांनी मंडळीतील एका वृद्ध आजींसाठी पवित्र शास्त्र ठेवावयास लाकडी पेटी केली. बाहेरून ती छान चकाकत होती. आजींना दिसत कमी. त्यांनी झाकण उघडून आत हात फिरवला आणि बोटात कुसळ शिरले. “फार सुंदर आहे हो, बाळांनो,” एवढेच म्हणून त्यांनी बोट पदराआड केले. आतली बाजू आम्ही घासलीच नव्हती. “आत कोण बघणार, सर?” असे एका मुलाने विचारले होते, तेव्हा आम्हीच मान डोलावली होती. चूक मुलांची नव्हती, आमची होती.

त्या आठवड्यात आम्ही कराराच्या कोशाचा भाग पुन्हा वाचला. बसालेलाने तो बाभळीच्या लाकडाचा केला. लांबी अडीच हात, रुंदी व उंची दीड दीड हात. म्हणजे सुमारे पावणेचार फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद व उंच. तो पडद्याआड परमपवित्रस्थानी राहणार होता. तेथे प्रमुख याजक वर्षातून एकदाच जाई. तरीही देवाची आज्ञा होती की, तो आतून व बाहेरून शुद्ध सोन्याने मढवावा. आतले सोने कोण पाहणार होते? ज्याच्यासाठी कोश केला, तो पाहत होता.

पेटी परत मागून आणली, पण जोडलेल्या पेटीच्या कोपऱ्यांत पॉलिश पेपर नीट पोहोचेना. खिळे उपसताना तळाची फळी चिरली; ती नवी घालावी लागली. म्हणून शिक्षकांनी क्रम ध्यानात ठेवावा :

1. सागवानाची अर्धा इंच जाडीची, पुरती सुकलेली फळी घ्यावी. ओले लाकूड मागाहून बाक धरते व झाकण बसत नाही.
2. पवित्र शास्त्र मोजून चारही बाजूंस अर्धा इंच मोकळी जागा धरावी. मोठ्यांच्या देखरेखीखाली फळ्या कापून रंधा मारावा. कोपरे गुण्याने तपासावेत.
3. जोडण्यापूर्वीच प्रत्येक फळीची आतली बाजू लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावी. आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने. डोळे मिटून हात फिरवून पाहावे.
4. मग सरस व बारीक खिळ्यांनी जोडावी. दोन्ही कर्ण सारखे भरले की पेटी काटकोनात आहे असे समजावे. दोरीने आवळून रात्रभर ठेवावी.
5. शेवटी बाहेरची बाजू घासून बिजागऱ्या बसवाव्यात व पॉलिश करावे.

प्रभू येशूने परूश्यांना वाटीचा दाखला दिला, तेव्हा आधी आतून स्वच्छ करावयास सांगितले. “आधी” हा शब्द मुलांकडून अधोरेखित करून घ्यावा. प्रभू स्वतः सुताराच्या घरी वाढला आणि लोक त्याला सुतार म्हणत (मार्क 6:3). बाहेरचे पॉलिश झाल्यावर आतले खरखरीतपण काढणे किती कठीण, हे आम्ही त्या पेटीवर शिकलो. मनाचेही तसेच आहे. मंडळीत गोड बोलणारा घरात कठोर असेल, तर त्याचे कुसळ घरच्यांच्याच बोटात शिरते.

पेटी पुन्हा आजींच्या हाती दिली तेव्हा आम्ही मुलांदेखत त्यांची क्षमा मागितली. त्यांनी पुन्हा आत हात फिरवला; या वेळी बराच वेळ.

वर्गात विचारावयाचे प्रश्न
1. कोश आतूनही सोन्याने का मढवला असावा?
2. कोणी पाहत नसताना आपण कोणते काम अर्धवट सोडतो?
3. या आठवड्यात घरातील कोणाची क्षमा मागावयास हवी?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांस आधी आतून शुद्ध कर, म्हणजे आमच्या हातचे दान कोणास बोचणार नाही. आमेन.