राजासमोरची प्रार्थना
(पाठ: नहेम्या, अध्याय 1 व 2)

नहेम्या हा याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. इ. स. पूर्वी सुमारे 445 साली तो शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता, म्हणजे चाकरच. यरुशलेमेचा कोट पडल्याचे वर्तमान त्यास किसलेव महिन्यात कळले, आणि राजाने त्यास विचारले ते नीसानात. मधले चार महिने चाकरी सुटली नाही व प्रार्थनाही सुटली नाही.

‘तुझी मागणी काय?’ असे राजाने विचारले, तेव्हा नहेम्या फार भ्याला होता. याच राजाने पूर्वी त्या नगराचे काम बंद पाडले होते (एज्रा 4). त्याने आधी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली, मग उत्तर दिले. समोर राजा, शेजारी राणी. गुडघे टेकण्यास तेथे सवड कोठली? ती प्रार्थना एका श्वासाएवढीच असावी. (आमच्या काही लांबलचक प्रार्थनांनी हे ध्यानात घ्यावे!)

आणि उत्तर किती तयार होते! त्याने परतण्याची मुदत सांगितली, सुभेदारांस पत्रे मागितली, आणि तुळयांच्या लाकडासाठी वनरक्षक आसाफ याच्या नावे निराळे पत्र मागितले. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने हिशेब करू नये असे कित्येक समजतात; नहेम्या तसे समजत नव्हता.

बांधावरून शेजाऱ्याने रागाचा शब्द टाकला, तरी आपले उत्तर ओठांवर येण्यापूर्वी एका श्वासाची जागा असतेच. उपदेशकांनी पुढील रविवारी मंडळीस विचारावे: ती जागा कोणास वेळेवर सापडली, आणि कोणास बोलून गेल्यावर आठवली?