मीठ, पाणी आणि लिथियम

द्विध्रुवी मनोविकारात रोग्याचे चित्त दोन टोकांना जाते. कधी उन्माद चढतो : झोप नकोशी होते, बोलणे आवरत नाही, पैसा पाण्यासारखा वाहतो. पुढे तोच मनुष्य विषण्ण होऊन अंथरुणाला खिळतो. या विकारावर लिथियमचे क्षार गुणकारी ठरतात, हे ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. त्यांचा पहिला रोगी बरा होऊन कामावर गेला; औषध सोडताच पुन्हा बिघडला; आणि औषध पुन्हा सुरू झाल्यावर १९५० साली त्याच्याच विषबाधेने वारला. रक्तातील लिथियम मोजण्याची सोय तेव्हा रूढ झाली नव्हती.

हे प्रमाण दर लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते. दीडच्या वर विषबाधेचे भय. उपकार आणि अपकार यांत इतकेच अंतर! लिथियम हे मिठातील सोडियमचे रसायनशास्त्रातील भावंड. शरीरात मीठ वा पाणी उणे पडले की मूत्रपिंड सोडियम राखून धरते, आणि त्यासोबत लिथियमही. गोळ्या तितक्याच, पण रक्तातील प्रमाण वाढते.

आम्हा उज्जैनकरांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. माळव्याच्या रात्रींची कीर्ती मोठी, परंतु वैशाख-ज्येष्ठातील दुपारी घामाने अंग निथळते. निर्जला एकादशी नेमकी त्याच दिवसांत येते. श्रावणी सोमवारी कोणी अळणी खातात. निरोग्यास हे सोसते. लिथियम घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून मीठ वा पाणी तोडू नये. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही हे प्रमाण वाढविते. तीही मनाने घेऊ नये.

मात्रा बदलल्यावर सुमारे आठवड्याने, आणि प्रमाण स्थिरावल्यावर तीन ते सहा महिन्यांनी रक्त तपासतात. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावयाचे असते; म्हणून सकाळची गोळी असल्यास ती तपासणीनंतर घ्यावी. मूत्रपिंड आणि कंठग्रंथी यांचीही तपासणी अधूनमधून होते. बरे वाटू लागले म्हणून औषध एकाएकी बंद करणे घातक. उन्माद बहुधा उसळून परततो. घरच्या मंडळींनी मात्रा, तारीख व रक्तातील प्रमाण एका वहीत टिपून ठेवावे. हे काम शाळेत जाणारे मूलही करू शकते.

हात जोराने कापू लागले, ओकाऱ्या वा जुलाब झाले, पाय झोकांड्या खाऊ लागले किंवा जीभ अडखळू लागली, तर पुढची गोळी न देता रोग्यास त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे, आणि ती वही सोबत घ्यावी.