108 की 50?

प्रश्न : माझं साड्यांचं दुकान आहे. दिवसभर यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप आणि गिऱ्हाइकांना साड्यांचे फोटो पाठवणं. एकाच किमतीच्या दोन फोनांपैकी एकाचा कॅमेरा 108 मेगापिक्सेलचा, दुसऱ्याचा 50. पहिलाच घ्यावा ना?

उत्तर : आकड्याला भुलू नका. 108 मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात आणि व्हॉट्सअ‍ॅप तोही दाबून पाठवतं. त्यापेक्षा ओआयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, कोणत्या फोनात आहे ते बघा. ती असली की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हात जरा हलला तरी जरीचा काठ फिसकटत नाही. मुख्य कॅमेऱ्यासोबत 2 मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा दिला असेल, तर ती निव्वळ खोगीरभरती. जाहिरातीतल्या ‘8+8 जीबी रॅम’मधले दुसरे 8 हे स्टोरेजमधूनच उसने घेतलेले असतात, तेही सोडा.

तुमचे पैसे फोनवरून फिरतात, तेव्हा सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी विचारा. विक्रेता हमखास गडबडतो! बॅटरी 5000 एमएएचची असली की दिवस निघतो. आणि घेण्याआधी फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघाच. आतल्या एसीत सगळेच स्क्रीन झकास दिसतात.