हिरड्यांचा रोग आणि रक्तगट

रक्तगट चार. ए, बी, ओ आणि एबी. कार्ल लांडस्टायनर या डॉक्टरांनी १९०१ साली व्हिएन्ना शहरात पहिले तीन गट ओळखले. चौथा पुढच्या वर्षी सापडला. रक्त द्यायचे-घ्यायचे असेल तर गट जुळावाच लागतो. त्यावरून पुष्कळांना वाटते, की सगळीच दुखणी रक्तगटावर ठरतात. हिरड्यांतून रक्त येते, दात हलतो, तरी माणूस म्हणतो, "माझा गटच तसला. औषध करून काय उपयोग?" असा तो घरी बसतो नि वाचण्याजोगे दात गमावतो.

डॉक्टरांनी याचा तपास केला आहे. कोठे एका गटाच्या लोकांत हा रोग जास्त आढळला, कोठे दुसऱ्याच गटात, तर कोठे काहीच फरक दिसला नाही. साक्षीदारांचे आपसांत जुळेना, तर निकाल कसा द्यायचा? रक्तगट पाहून हिरड्यांचा उपचार बदलत नाहीत, तो यामुळेच.

रोगाचे मूळ आहे दाताच्या बुडाशी साचणारा चिकट थर. त्यात जंतू असतात. तो रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो. तेच किटण. मग हिरडी सुजते, घासताना रक्त येते. १९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सोबत्यांनी डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी माणसांनी दात घासणे मुद्दाम सोडले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या.

सूज खाली हाडापर्यंत गेली, की मात्र गोष्ट निराळी. हाड झिजते. झिजलेले हाड बहुधा भरून येत नाही, पण पुढची झीज थांबवता येते. त्यासाठी दंतवैद्य हिरडीखालचे किटण खरवडून काढतात. मग दातांत फटी दिसतात, गार पाणी झोंबते. लोक म्हणतात, "डॉक्टरनं दात मोकळे करून ठेवले!" अहो, त्या फटी किटणाने बुजल्या होत्या, एवढेच.

उपचाराला यश कमी येते ते तंबाखूने. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्याला वाटते, आपले बरे चालले आहे. आत हाड झिजतच असते, आणि किटण काढल्यावरही हिरडी नीट भरत नाही. मिश्री म्हणजे तरी काय? भाजलेला तंबाखूच, बरं का! मधुमेह आटोक्यात नसेल, तरी हिरडी लवकर बरी होत नाही. उलट हिरड्या सुधारल्या, तर साखरही थोडी उतरते. म्हणून दंतवैद्याकडे गेल्यावर तंबाखू, साखर आणि चालू असलेली औषधे न लपवता सांगावीत.

किटण पुन्हा धरते. दंतवैद्यांनी तीन महिन्यांनी बोलावले, तर दुखत नसले तरी जावे. ते बारीक सळईने दात आणि हिरडी यांमधली खोली मोजतात. ती तीन मिलिमीटरपर्यंत असली आणि रक्त आले नाही, तर हिरडी ठीक आहे असे समजतात.